मागच्या चाकांचे शॉकअप

गोकुळदास दुकानात यायचा तो नेमका मी शटर अर्ध्यावर ओढल्यावर. डिचोलीच्या बाजारात दुपारी एक वाजला की दुकानं बंद होतात, माणसं घरी जाऊन हुमण-भात जेवतात आणि चारपर्यंत आडवी होतात. हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. गोकुळदासलाही होतं. पण त्याचं म्हणणं असं, की इतर वेळी दुकानात गिऱ्हाईक असतं आणि गिऱ्हाइकासमोर रामचंद्र नीट ऐकून घेत नाही. रामचंद्र म्हणजे मी. उभा जन्म गाड्यांचे सुटे भाग विकण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर दुकान रिकामं असलं तरी मी कुणाचं फारसं ऐकून घेत नाही.

त्या दिवशी, जूनच्या अखेरीला, तो शटरखालून वाकून आत आला आणि तुवाल्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं काउंटरवर ठेवलं. तुवाला सोडला तर आत एक हातभर लांबीची काळी नळी. वरच्या टोकाला पीन, खालच्या टोकाला कडं. तेल गळून गळून तुवाला चिकट झालेला.

"मागचो," तो म्हणाला. "दुसरोय असोच गेलो."

शॉक ॲब्सॉर्बर. आमच्याकडे मेकॅनिकपासून भटजीपर्यंत सगळे त्याला शॉकअप म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळते; ती उसळी गिळून टाकायची हे त्या नळीचं काम. आतलं तेल गेलं की एका खड्ड्यावर गाडी चार वेळा नाचते.

"गोकुळबाब," मी म्हणालो, "तुझी गाडी जगात आली तेव्हा माझ्या बापाचं लग्न व्हायचं होतं. हिचे शॉकअप आता मेळचे नाय. गेल्या वर्सा सांगितलं, त्याच्या आदल्या वर्सा सांगितलं. तुका आणि किती फावट सांगू?"

"गेल्या वर्साची गोष्ट वेगळी. औंदा यशोदाक चोपड्याक व्हरूक जाय."

बायकोला चोपड्याला न्यायचंय, हे ऐकल्यावर मी शटर पुन्हा वर केलं आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

गोकुळदास आमोण्याचा. मांडवीच्या काठावर त्यांचं चार खोल्यांचं घर आणि थोडी शेती. विशीत असताना तो डिचोलीच्या एका खाणमालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागला. तिथली ही गाडी: ओपेल रेकॉर्ड, अठ्ठावन सालची, पोर्तुगिजांच्या राजवटीत मुरगावला बोटीतून उतरलेली. वर पांढरी, खाली आकाशी. मालकाच्या मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि ओपेल गोठ्याच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा गोकुळदासनं ती मागून घेतली. मग तिच्यावरच त्यानं टॅक्सीचा धंदा केला, संसार केला, मुलगी वाढवली. आमोण्यातल्या निम्म्या बायकांना बाळंतपणाला त्यानंच पोचवलं असेल. मागे बसलेली बाई आपल्या गाडीत कधी कळवळली नाही, असं तो छाती काढून सांगायचा. त्याचा हा तोरा मला कधीच सहन झाला नाही. मी त्याला तोंडावर 'ओपेलकार' म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं.

पुढे खाणींना चांगले दिवस आले. घराघरापुढे खनिजाचे टिप्पर उभे राहिले. ही मोडकी वीक आणि टिप्पर घे, असं त्याला गावानं सांगितलं, मेव्हण्यांनी सांगितलं, मीही सांगितलं.

"मी मनशां व्हरतां," तो म्हणायचा. "माती व्हरपाक माका जमचें नाय."

आम्ही हसलो. मग खाणी बंद पडल्या, टिप्पर अंगणात गंजले, चाकांतून घाणेरीची झुडपं उगवली आणि ओपेल मात्र चालू राहिली. तेव्हा तो आम्हाला हसला नाही, एवढं मी कबूल करतो. त्याच्या जागी मी असतो तर गावभर सांगत सुटलो असतो.

यशोदा त्याची बायको. चोपड्याची. शापोरा नदीच्या काठावर तिचं माहेर, आणि तिथं आता तिचा भाऊ बाबुराव. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमोण्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि चोपड्याला सात दिवसांचा. त्यामुळे लग्न झाल्यापासून दर वर्षी एकच रिवाज: दुसऱ्या दिवशी आपला गणपती पोचवायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओपेलमध्ये बसून चोपड्याला जायचं. शिवोलीचा पूल नव्हता तेव्हा गाडी फेरीबोटीत चढवायची. बोटीत सगळे खाली उतरून कठड्याशी उभे राहत. यशोदा उतरायची नाही. ती मागच्या सीटवर बसूनच पलीकडचे माड बघायची. वर्षातनं एकदा आपल्याला कुणीतरी राणीसारखं माहेरी नेतं, हे तिला पुरेपूर भोगायचं असायचं.

आता तिच्या कण्यात कॅन्सर उतरला होता. सुरुवात छातीत झाली, ऑपरेशन झालं, दोन वर्षं बरी गेली आणि मग पाठ धरली ती धरलीच. बसवत नव्हतं. उजव्या कुशीवर निजलं की जरा बरं वाटायचं. मुलगी सुमन डिचोलीतच दिली आहे, माझ्या दुकानाच्या मागच्या आळीत. तिला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, की चवथ बघतील बहुतेक, दिवाळीचं सांगता येत नाही. सुमननं ते आईला सांगितलं नाही, पण आईला सांगायला काही शिल्लकच नव्हतं. यशोदानं नवऱ्यापाशी एकच मागितलं. तिसऱ्या दिवशी माका चोपड्याक व्हर.

जावयाची नवीकोरी गाडी होती. तिच्यात तिला निजवून पाहिलं. आजकालच्या गाड्यांच्या सीटा दोन माणसांसाठी दोन खळगे करून ठेवल्यासारख्या. तिचं कंबरडं एका खळग्यात आणि खांदे दुसऱ्यात. अस्नोड्याच्या अलीकडूनच गाडी माघारी आणावी लागली. ॲम्ब्युलन्स बोलावू, म्हणून सुमन बोलली. त्यावर यशोदा जी भडकली, की म्हणे आजारी पडल्यापासून तिचा एवढा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"ॲम्ब्युलन्स बाबुरावाच्या दारात लागली की शेजारणी रडत भायर येतल्यो. गणपतीच्या दिसांनी? मी चलतां ती माहेराक, मसणांत नाय."

उरली ओपेल. तिची मागची सीट म्हणजे एक सपाट, लांबरुंद बाकडं, काथ्याचं आणि स्प्रिंगांचं. यशोदा त्यावर पाय थोडे दुमडून पुरी मावायची. पण शॉकअप गेलेले. घराच्या अंगणातून रस्त्यापर्यंत गाडी नेली तर आत यशोदा झोपाळ्यात घातल्यासारखी खाली-वर झाली आणि ओकली. म्हणून तो तुवाल्यातली नळी घेऊन माझ्याकडे आला होता. चवथीला तेव्हा दोन महिन्यांहून थोडा जास्त अवकाश होता.

मी फोन लावायला सुरुवात केली. म्हापसा, मडगाव, बेळगावचे भंगारवाले, कोल्हापूरचा एक माझा जुना व्यापारी. मुंबईच्या एकाला नळीचा फोटो पाठवला, त्यानं उत्तरादाखल नुसतं हसणारं तोंड पाठवलं. मी त्याला फोन करून पुष्कळ बोललो. गोकुळदास एक दिवसाआड यायचा, दुपारी एकला, स्टुलावर बसायचा आणि मी काही बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून उठायचा. त्याला हसत परतवायची माझी इतक्या वर्षांची सवय, पण त्या दिवसांत मला ते जमेना.

शॉकअपची गंमत अशी असते, की लांबी जुळली म्हणजे तो जुळला असं नसतं. दबल्यावर किती, ताणल्यावर किती, वर पीन की कडं, हे सगळं जमलं तरी आतलं तेल किती जोरानं अडवतं हे प्रत्येक गाडीचं निराळं. हलक्या गाडीला जड गाडीचा घातला तर तो दबतच नाही. मग तो असून नसल्यासारखा. रस्त्याचा प्रत्येक दगड सरळ वर येतो. हे मला ठाऊक होतं, गोकुळदासला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा उपयोग किती असतो ते पुढे दिसलं.

जुलैत बातमी आली, की वाळपईच्या पुढे एका घरामागे अशीच ओपेल पडून आहे. माझ्या व्हॅनमधून आम्ही दोघं गेलो. घर सुमंगला नावाच्या एका विधवा बाईचं; गाडी तिच्या दिराची, तो मुंबईत. माडाच्या झावळ्यांखाली गाडी होती खरी, तीच, अगदी तोच आकार, फक्त रंग उडालेला. खिडक्यांना जाळी मारून आत कोंबड्या ठेवलेल्या.

"शॉकअप काय जाय तें व्हर रे बाबा," ती म्हणाली. "फकत दार उक्तें दवरू नको. मुंगूस येता."

चौऱ्याहत्तर वर्षांचा गोकुळदास चिखलात पाठीवर निजून गाडीखाली शिरला. मी ओरडलो, कुणा मेकॅनिकला आणू म्हणालो, पण ऐकतो कोण? नट गंजलेले, एकेक सोडवायला मरणाचा वेळ लागला. पहिला शॉकअप निघाला तो दांडी जाम होऊन. दुसरा निघाला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी दाबला, तर दांडी आत गेली. हळूहळू, जोर लावून, जशी जायला हवी तशी. गोकुळदास चिखलात बसूनच हसला. मला म्हणाला, "बघ, जीव आसा." त्यानं दांडी पुन्हा ओढली, आणि सीलमधून तांबडं गंजाचं पाणी भुळुक भुळुक त्याच्या मनगटावरनं वाहिलं. आत तेल नव्हतंच. पावसाचं पाणी होतं.

तरी तो दोन्ही घेऊन आला. म्हापशाला एकजण जुने शॉकअप कापून, नवे सील घालून देतो, त्याच्याकडे नेले. त्यानं दांडीवर नख फिरवलं आणि दाखवलं. गंजानं तिला देवीच्या वणांसारखे खड्डे पडलेले. असल्या दांडीवर नवं सील घातलं तर दहा-वीस मैलांत फाटणार, तो म्हणाला. परतताना गोकुळदासनं व्हॅनमध्ये ते दोन्ही शॉकअप मांडीवर धरले होते. मला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की माझं डोकं उठतं. मी म्हणालो, अरे, शॉकअप सोड, घरी जा, तिच्यापाशी बस. किती दिवस आहेत?

"बसून काय करू?" तो म्हणाला. "ती कण्हता आनी मी बघतां. हें तरी सोदूक येता."

खरंच होतं ते. बायकोच्या दुखण्यावर त्याला जगात काही शोधण्यासारखं उरलं नव्हतं. शॉकअप निदान कुठेतरी असू तरी शकत होते.

मग सुमननं इंटरनेटवर शोधून काढले. परदेशात कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन, त्याच्याकडे एक न वापरलेला जोड. गाडीचं नाव तेच, साल तेच. सुमननं मागवले आणि पार्सल कुठवर पोचलं ते रोज बापाला फोनवर दाखवायची. मुंबईच्या कस्टममध्ये ते अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. चवथ आठवड्यावर आली तेव्हा खोकं माझ्या दुकानात पोचलं. गोकुळदास येईपर्यंत मी ते उघडलं नाही. त्यानं स्वतः कात्रीनं पट्टी कापली. आत तेलकट कागदात गुंडाळलेले दोन शॉकअप, इतके नवे, की माझ्या दुकानात तसली वस्तू मी हातात घेतली नव्हती.

दोघांच्याही नजरेला ते एकदमच आलं. वरच्या टोकाला पीन नव्हती, कडं होतं. लांबीही चार बोटं कमी. त्याच गाडीची मागे सामानाचा डबा असलेली एक जात निघत असे, तिचे होते ते. नाव तेच, साल तेच, शॉकअप वेगळे.

"वेल्डिंग करून—" गोकुळदास म्हणाला आणि स्वतःच थांबला. तेलानं भरलेली नळी तापवली तर काय होतं ते त्याला मी सांगायला नको होतं. त्यानं दोन्ही शॉकअप पुन्हा कागदात गुंडाळले, जसे आले होते तसेच. खूप वेळ त्याला कागदाची घडी जमेना.

इथे शांताराम आला. शांतारामचं गॅरेज डिचोली-साखळी रस्त्यावर. खाणी जोरात होत्या तेव्हा ह्या पट्ट्यातले टिप्पर त्याच्याच हाताखालून जायचे. माणूस सोन्यासारखा, आणि हे मत मी त्याच्याविषयी नंतरही बदललेलं नाही. यशोदा त्याला लहानपणापासून ओळखायची. त्याची आई गेली तेव्हा वर्षभर तिच्या घरी जेवला आहे. तो म्हणाला, गोकुळकाका, तू चिंता सोड, गाडी माझ्याकडे लाव, चवथीच्या आदल्या दिवशी घेऊन जा.

आता खाणपट्ट्यातल्या मेकॅनिकची एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती कळणार नाही. ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चवड असते, तीच त्याची स्प्रिंग. खनिज ठरल्यापेक्षा जास्त भरायचं तर त्या चवडीत एक पाटा वाढवतात, आणि शॉकअप घालतात तो वरच्या मापाचा. गाडी खाली लागू नये, हा इथला पहिला धर्म. पंचवीस-तीस वर्षं आमच्याकडे ज्या गाडीवर जीव असेल तिला लोकांनी पाटा वाढवून दिला आहे. लग्नाची जीप, मुलांची रिक्षा, देवळाचा टेंपो. ओपेलच्या मागेही पाट्यांचीच स्प्रिंग. शांतारामनं तिला एका पिकअपचे शॉकअप बसवले, वरची पीन लेथवर करून घेतली, काम असं नामी, की मी बघतच राहिलो. आणि न सांगता, प्रेमानं, दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला.

"काकीक खाली लागता नये," तो म्हणाला. मजुरीचं नाव काढलं तर रागावला.

गाडीची शेपटी दोन बोटं वर आलेली. मी ते पाहिलं. गोकुळदासनंही पाहिलं असणार. त्यानं गाडी बाहेर काढली, मी शेजारी बसलो, साखळीपर्यंत जाऊन आलो. गाडी नाचत नव्हती. खड्ड्यातून निघाली की तिथल्या तिथे सावरत होती. दोन महिने जे होडीसारखं डोलणं त्यानं सोसलं होतं, ते साफ गेलं होतं. गोकुळदासचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्टेअरिंगवरून हात काढून त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली.

"जालें रे रामचंद्रा!"

मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं पुढे बसलो होतो. पुढच्या चाकांना मूळच्याच मऊ स्प्रिंगा, मूळचेच शॉकअप. मागे कुणी नव्हतं. आणि पन्नास वर्षं ती गाडी चालवलेला माणूस तिच्या मागच्या सीटवर एकदाही बसलेला नव्हता. ड्रायव्हर मागे कशाला बसेल? मालकाच्या घरी तर मागे बसणं म्हणजे नोकरी जाणं. पुढे गाडी स्वतःची झाली तरी ती सवय राहिली. मागची सीट गिऱ्हाइकांची, बाळंतिणींची, यशोदेची. ती कशी आहे हे त्याला लोकांच्या तोंडूनच ठाऊक.

तिसऱ्या दिवशीचं मला सुमननं सांगितलं. माझ्याही घरी गणपती होता, मी गेलो नव्हतो.

सकाळी यशोदेला नवी साडी नेसवली. बाकड्यावर गोधडी घातली, उजव्या कुशीवर निजवली. सुमन पुढे बापाच्या शेजारी बसली. गोकुळदासनं नवा शर्ट घातला होता आणि तो बोलायचा थांबतच नव्हता. आमोण्यातनं निघताना त्यानं विचारलं, "बरें मगो?" यशोदा म्हणाली, "बरें." डिचोलीत विचारलं, तेव्हाही बरें. आधी तो जपून, पायी चालल्यासारखी गाडी नेत होता. पण मागून काही आवाज येईना, गाडी डोलेना, आणि चोपड्याला बाराच्या आरतीला पोचायचं होतं. मग त्यानं वेग वाढवला.

अस्नोड्याला त्या चवथीत रस्ता होता कुठे, नुसते खड्डे होते. सुमननं मागे वळून पाहिलं. आईनं पदराचा बोळा करून तोंडात घातला होता आणि डोळे उघडे होते. सुमन ओरडणार, तोच आईनं एक बोट ओठांवर ठेवलं. मग त्याच हातानं पुढे बापाच्या पाठीकडे दाखवलं, आणि हात हलवून नको म्हटलं. गोकुळदास तेव्हा फेरीबोटीची कुठलीशी जुनी गोष्ट सांगत होता.

"मी गप बसलें," सुमन मला म्हणाली. "बाबा इतको खुशीत कधी दिसलोलो नाय माका. आई सांगता म्हणून मी गप बसलें."

म्हापसा गेलं, शिवोली गेली, पूल आला. पुलावर गोकुळदास म्हणाला, "माड दिसतत गो?" तर मागून "दिसतत" असं आलं, पण अगदी बारीक. बाबुरावच्या अंगणात गाडी लागली तेव्हा आत आरती चालू होती. बाबुरावची मुलं धावत आली, खाट आणली, चौघांनी तिला उचलून गणपतीपुढे माटोळीखाली नेऊन ठेवलं. वर फळं, कवंडळं, सुपाऱ्यांचे घोस बांधलेले. ती ते बघत होती. आरती संपली, बाबुराव तबक घेऊन आला, तिनं हात फिरवला. आणि मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं:

"सुमन, माझे पांय खंय गेले गो?"

पाय होते तिथेच होते. तिला जाणवत नव्हते. सुमननं चिमटा काढला, बाबुरावच्या बायकोनं तळवे चोळले, काही नाही. कण्यातलं पोखरलेलं हाड वाटेत कुठेतरी ढासळलं होतं. तासाभरात ॲम्ब्युलन्स आली आणि शेजारणी रडत बाहेर आल्या.

त्यानंतर ती हॉस्पिटलमध्येच राहिली आणि दसऱ्यानंतर चार-सहा दिवसांनी गेली. डॉक्टर सुमनला म्हणाले, हे कधीही होऊ शकलं असतं, खाटेवर कूस बदलतानासुद्धा. सुमननं हे बापाला सांगितलं. शांताराम येऊन त्याच्या पाया पडला, हमसून रडला. गोकुळदासनं त्याला उठवलं, चहा दिला आणि एकच विचारलं, की पाटा तू कितव्या नंबरचा घातलास. बायकोनं शेवटपर्यंत त्याला सांगितलं ते एवढंच, की गाडी बरी चालली.

पदराचं त्याला कळलं ते सुमनकडूनच. तेराव्या दिवसानंतर कधीतरी तिला ते एकटीला सोसेनासं झालं.

नोव्हेंबरात एका सकाळी तो दुकानात आला. एकला नाही, दहाला. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते त्यानं पाहिलंही नाही. ओपेल बाहेर उभी होती. त्यानं किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"तू चलय," तो म्हणाला. "चोपड्याच्या पुलामेरेन."

मी म्हणालो, वेडा झालास काय, धंद्याची वेळ आहे. आणि बोलता बोलताच मी किल्ली उचलली. बाहेर आलो तर तो मागचं दार उघडून उभा. आत शिरताना त्याला नीट जमेना, आधी डोकं घालायचं की पाय, हेच त्याला कळत नव्हतं. मग तो त्या बाकड्यावर उजव्या कुशीला निजला, गुडघे दुमडून, आणि मी दार लावलं.

बाजारातून मी हळू काढली. तरी देवळाजवळच्या गतिरोधकावर मागची बाजू अशी आपटली, की माझेच दात वाजले. आता मी कान मागे लावून बसलो होतो म्हणून कळलं. मी आणखी हळू केली.

"इतकी हळू नको," तो म्हणाला. "म्हापशाच्या वाटेर मी चाळीसान चलयतालो."

मी आरशात पाहिलं नाही. अस्नोड्याला खड्डे अजून तसेच होते. चाळीसवर धरली. पहिल्या खड्ड्यात मागचं चाक गेलं तेव्हा लोखंडावर लोखंड वाजावं तसा आवाज झाला, आणि त्याच्याबरोबर मागून त्याचाही. म्हातारा माणूस पडला की येतो तसला. मी ब्रेक दाबला.

"थांबूं नको," तो मागून म्हणाला. धाप लागली होती. "त्या दिसा मी थांबूंक नासलों."

मी ब्रेकवरचा पाय काढला. पुलापर्यंतची बरीच वाट अजून शिल्लक होती.